स्वच्छ खोका

१

गाडी बंद पडली ती उताराच्या वळणावर, भर दुपारी. मागून सिमेंटचा ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, हॉर्न दाबला, जे जे दाबता येतं ते सगळं दाबलं. पण भरलेला ट्रक उतारावर कुणाचं ऐकत नाही. गाडीत चित्रकलेच्या बाई एकट्याच होत्या. शाळा सुटल्यावर घरी निघाल्या होत्या. त्या घरी पोचल्या नाहीत.

चालती गाडी अचानक का मेली, हे शोधायला विमा कंपनीने भिंगबाईंना धाडलं. हे काही त्यांचं बारशाचं नाव नव्हे. गळ्यातल्या दोरीला कायम एक भिंग लटकलेलं असे, म्हणून शहरातल्या गॅरेजवाल्यांनी ते ठेवलं आणि तेच चिकटलं. तीस वर्षं मोडक्या गाड्या तपासण्यात गेलेली, बोलायला फटकळ, आणि समोरचा थापा मारतोय असं दिसलं की चष्म्यावरून नुसतं बघत राहायची सवय. भलेभले त्या नजरेने गळपटायचे.

चेपलेली गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती. बाईंनी कसंबसं बॉनेट उघडवलं, इंजिनाच्या कडेचं झाकण काढवलं, आणि आत टायमिंग बेल्ट तुटून लोंबत होता. ज्याला गाडीतलं फार कळत नसेल त्याच्यासाठी सांगते: टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला दात्यांचा रबरी पट्टा. वरचे वॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एकमेकांवर आदळू नयेत म्हणून तो दोघांना एका तालात फिरवतो. तो तुटला की इंजिन जागच्या जागी खलास. मग स्टिअरिंग वळता वळत नाही आणि ब्रेक दाबायला अंगातलं सगळं बळ लागतं.

बाईंनी तो तुटका पट्टा पिशवीत घातला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद वाचला. ‘टायमिंग बेल्ट बदलला. रनिंग ३९,६००.’ खाली तारीख होती, चार महिन्यांपूर्वीची. गाडीच्या मीटरवर आता एक्केचाळीस हजार होते.

पट्टा चांगला असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. चार महिन्यांत तुटतो तो फक्त बनावट. आणि गेलेल्या चित्रकलेच्या बाईंच्या भावाने नेमकी तशीच तक्रार पोलिसांत दिली होती.

२

भाऊ म्हणजे उस्ताद. स्वतःचं गॅरेज, पस्तीस वर्षांचा हात. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला वॉल्व्ह कुरकुरतोय ते सांगणारा माणूस. भिंगबाई गॅरेजवर पोचल्या तेव्हा तो कुणाच्या तरी गाडीखाली होता. बाहेर आला, हात पुसले, पण ते पुसून काही उपयोग नव्हता. ते हात आता काळेच होते. कपाटात सुट्या भागांची खोकी रचलेली होती आणि प्रत्येक खोक्यावर त्याचा काळा अंगठा उमटलेला होता.

“बसा मॅडम. उभ्याने काय होणार.” त्याचा आवाज बसलेला होता. “मी त्या गाडीजवळ गेलो नाही अजून. जाववत नाही. पण पट्टा मी स्वतः बसवला होता. नवा कोरा. माझ्या दोस्ताच्या दुकानातून मागवला होता, येताना चिमणीच घेऊन आली, आणि त्याने मला डुप्लिकेट माल दिला. चिमणीच्या गाडीसाठी मागतोय हे त्याला सांगितलं होतं मी. तरी दिला.”

चिमणी म्हणजे बहीण. पन्नाशी उलटली तरी भावासाठी ती चिमणीच राहिली होती.

बाई गॅरेजभर नजर फिरवत होत्या. टेबलाच्या प्रत्येक खणावर रंगीत अक्षरांतल्या चिठ्ठ्या होत्या. ‘पाने.’ ‘नट.’ ‘काय आहे कुणास ठाऊक.’ सगळ्यात वरच्या खणावर होतं, ‘दादाचा चष्मा. शोभेसाठी नाही, डोळ्यांसाठी.’

“तिचं अक्षर?”

“यायची आणि आवरत सुटायची. मी ओरडायचो, अगं, माझा पसारा मला कळतो. ऐकेल तर शपथ.” त्याने खिसा चाचपला. चष्मा तिथेच होता, खिशात.

“पट्टा कसा बदलता, ते दाखवा.”

कामाचं बोलणं निघाल्यावर माणूस जरा सावरला. “उतरवण्याआधी जुन्या पट्ट्यावर पांढऱ्या रंगाने तीन खुणा करायच्या, तीन पुलींच्या समोर. मग उतरवायचा. जुना आणि नवा टेबलावर शेजारी ठेवायचे. दाते मोजायचे आणि नव्यावर बरोबर त्याच ठिकाणी तीन खुणा करायच्या. मग नवा चढवायचा. चूक व्हायला जागाच नाही.”

“आणि जुन्याचं काय करता?”

“नव्याच्या खोक्यात भरून गिऱ्हाइकाच्या डिकीत. पोटातून काय निघालं ते त्याला दिसायला नको? माझ्या वस्तादाने घालून दिलेली शिस्त आहे.”

भिंगबाईंनी पोलिसांनी केलेली डिकीतल्या सामानाची यादी आठवून पाहिली. पोलिसांनी गाडीतलं सगळं सामान आधीच नवऱ्याच्या ताब्यात दिलं होतं.

“त्या दोस्ताला मी सोडणार नाही,” उस्ताद म्हणाला. “तीस वर्षं एका ताटात जेवलोय आम्ही. त्याला आत घालूनच मी डोळे मिटीन.”

३

दोस्त दुकानाच्या पायरीवर बसला होता. शटर अर्धं खाली. पोलीस रोज बोलावून बसवत होते, आणि गिऱ्हाइकांनी रस्ता ओलांडून पलीकडून जायला सुरुवात केली होती. वरच्या पाटीवर कुणीतरी शेण फासलं होतं. त्याने ते धुतलं होतं, पण रंगाचे पोपडे निघाले होते.

“पाटीचं वाईट वाटतं,” तो म्हणाला. “तिनेच रंगवून दिली होती. शिडीवर चढून, पदर खोचून. मी खाली शिडी धरून उभा. उस्ताद म्हणाला, पडली तर तुझी खैर नाही.” तो हसायला गेला आणि ते जमलं नाही.

“पट्टा ओरिजिनल होता?”

“बाई, त्याच लॉटमधले वीस पट्टे विकलेत मी. एकाचंही गाऱ्हाणं नाही. आणि तिच्या गाडीत मी खोटा माल घालीन?” त्याने दोन्ही तळवे पुढे केले. “पण उस्तादला काय सांगू? तो माझं तोंड बघायला तयार नाही. त्याचा विश्वास बसला असता तर मी तुरुंगातसुद्धा गेलो असतो. चोर म्हणून घ्यायला हरकत नाही हो, पण तिला मी मारलं असं त्याने म्हणावं?”

बाईंनी पिशवीतून तुटका पट्टा काढला आणि उन्हात धरून भिंग लावलं. पाठीवर तीन पांढऱ्या खुणा होत्या. म्हणजे पट्टा उस्तादच्या हातचा, यात शंका नाही. अंगाला चांगली चकाकी होती. पण तो चार महिन्यांपूर्वी नवा कोरा विकला गेला असेल तर कंपनीचा छापा असा झिजेल कशाला? बाईंनी पट्टा वाकवला आणि दात्यांच्या बुडाशी केसाएवढ्या भेगा उघडल्या. पुसट छाप्यातले आकडे त्यांनी एकेक करून वाचले. तयार झाल्याचं वर्ष आणि आठवडा.

मग त्यांनी ते पुन्हा वाचले.

पट्टा नऊ वर्षांपूर्वीचा होता. गाडी कारखान्यातून निघाली त्याच वर्षीचा. म्हणजे बनावटही नव्हता आणि नवाही नव्हता. तो गाडीचा जन्माचाच पट्टा होता आणि कधी बदललाच गेला नव्हता.

४

आता शंका कुणाची घ्यायची? दुकानदार सुटला हे उघड होतं. पण मग उस्ताद खोटं बोलत होता? नवा पट्टा ठेवून घेतला, जुनाच राहू दिला आणि नुसता कागद चिकटवला? गॅरेजवाले असलं करतात, बाईंनी तसले डझनभर पकडले होते. पण सख्ख्या बहिणीच्या गाडीत? आणि पट्टा उतरवलाच नव्हता तर त्यावर खुणा कशाला?

भिंगबाई त्या बहिणीच्या घरी गेल्या. नवरा वीज कचेरीत मीटर विभागात होता, वर्षापूर्वीच निवृत्त झालेला. दार त्यानेच उघडलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तीच रंगीत अक्षरं होती, आणि ओट्यावर दोन कप उपडे घातलेले होते. एकानेच चहा प्यायचा असला तरी त्याच्या हाताला दोन काढायची सवय होती.

“मीच मारलं हिला,” बाईंनी काही विचारायच्या आत तो म्हणाला. “लिहून घ्या.”

बाई खुर्चीत बसल्या.

“गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. पट्टा ऐंशी हजार किलोमीटरला किंवा सहा वर्षांनी बदलावा, जे आधी होईल तेव्हा. सहा वर्षं झाली तेव्हापासून हिचा भाऊ मागे लागला होता. मी म्हणायचो, अहो, रनिंग निम्मंसुद्धा झालेलं नाही, शाळा आणि घर एवढीच तर गाडी फिरते. जन्मभर मीटर वाचले मी. मीटरवर आकडा चढला नाही म्हणजे काही झालंच नाही, ही माझी अक्कल. तो म्हणायचा, दाजी, रबर उभ्या उभ्यासुद्धा म्हातारं होतं. मी हसण्यावारी न्यायचो. तीन वर्षं नेलं.”

“पण शेवटी बदलला ना?”

“हीच चिडली एका रविवारी. म्हणाली, तुम्ही आणि तुमचा मीटर बसा घरात. जेवणाचा डबा घेऊन गाडीसकट भावाकडे गेली आणि संध्याकाळी काम करून घेऊन आली. इतकी खूश होती. म्हणून तर कळत नाही, पट्टा बदलला होता तर ही गेली कशी?”

“डिकीतलं सामान कुठे आहे?”

ती पिशवी कोपऱ्यातच होती. त्याने ती उघडलेली नव्हती. बाईंनी छत्री काढली, ब्रशांची गुंडाळी काढली, चेपलेला रंगांचा डबा काढला. सगळ्यात खाली एक लांबट पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यावर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘जुना पट्टा. दादाने बदलला. आता सहा वर्षं निर्धास्त.’ खाली तारीख आणि एक हसरं तोंड.

नवऱ्याने ते अक्षर पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. त्याचं लक्ष नाही असं बघून बाईंनी खोकं हळूच उघडलं.

आतला पट्टा कोराच होता. अंग मऊ, रंग मंद, छापा ठसठशीत, साल गेल्या वर्षीचं. एक दिवससुद्धा न फिरलेला तो नवा पट्टा चार महिने तिच्या डिकीत पडून होता.

५

बाई खाली येऊन आपल्या गाडीत बसल्या. चावी लावली नाही. खोकं मांडीवर होतं.

नव्या पट्ट्यावरही तीन पांढऱ्या खुणा होत्या. म्हणजे उस्ताद खरं बोलला होता. जुना उतरवला होता, दोन्ही शेजारी ठेवले होते, दाते मोजले होते, खुणा नव्यावर उतरवल्या होत्या. त्यानंतर, आणि नवा चढवण्याआधी, दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली. लबाडी करायची असती तर नवा पट्टा कपाटात गेला असता, डिकीत नाही. ही लबाडी नव्हे, चूक होती. फक्त कुणाची, तेवढंच राहिलं होतं.

त्यांनी खोकं फिरवून फिरवून पाहिलं. वरून, खालून, आतून. भिंगही लावलं. कुठेही काळा डाग नव्हता. उस्तादने हात लावलेल्या प्रत्येक खोक्यावर त्याचा अंगठा होता आणि हे एकच स्वच्छ होतं. हे त्याने उघडलंही नव्हतं आणि भरलंही नव्हतं. भरणारीचे हात धुतलेले होते, आणि तिला कुठेही पसारा दिसला की राहवत नसे.

भाऊ जेवायला हात धुवायला गेला असणार. टेबलावर दोन पट्टे, दोन्हींवर सारख्याच खुणा. एक चकचकीत, एक मंद. ती चित्रं काढणारी बाई. जे चकाकतं ते नवं आणि जे मंद ते जुनं, असंच कुणीही धरून चालेल. पण टायमिंग बेल्टचं उलटं असतं. नवं रबर मंद दिसतं, आणि फिरून फिरून, वाळून कडक झालं की चकाकायला लागतं. हे गॅरेजातल्या माणसाला कळतं. तिला कोण सांगणार होतं?

तिने मंद दिसणारा पट्टा खोक्यात भरला, वर छान अक्षरात लिहिलं आणि स्वतःचं मरण डिकीत ठेवायच्या ऐवजी इंजिनात चढवायला टेबलावर ठेवलं.

भिंगबाईंना रडू फारसं येत नसे. त्या दिवशी आलं. हे त्या भावाला सांगायचं तरी कसं, हे त्यांना समजत नव्हतं. शेवटी त्यांनी ठरवलं की अर्धंच सांगायचं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद एका इंजिनाचं तेल काढत होता. बाईंनी टेबलावर तुटका पट्टा ठेवला आणि त्याच्या शेजारी नवा. खोकं पिशवीतच राहू दिलं.

“तुमचा दोस्त निर्दोष आहे,” त्या म्हणाल्या. “हा तुटलेला पट्टा गाडीचा जन्माचा आहे. नवा डिकीत होता. त्या दिवशी टेबलावर दोघांची अदलाबदल झाली. होतं असं. गडबडीत.”

उस्तादने खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला. तुटका पट्टा आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असा बघितला. त्याच्यावरून बोट फिरवलं, भेगा पाहिल्या, आकडे वाचले.

“मी जुना चढवला? मी?”

“अदलाबदल झाली.”

“अदलाबदल आपोआप नाही होत, मॅडम. हा डिकीत कशात होता?”

“डिकीत होता.”

“खोक्यात?”

“खोक्यात काय बघायचंय तुम्हाला?” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आज चष्म्यावरून बघणारा समोरचा माणूस आहे.

“दाखवा.”

त्यांनी खोकं काढलं. त्याने ते हातात घेतलं नाही, कारण हात तेलाने बरबटलेले होते. नुसतं वाकून वाचलं. मग चारी बाजूंनी बघितलं. त्याला भिंगाची गरज नव्हती. स्वतःच्या हाताचा ठसा कुठे असतो आणि कुठे नसतो हे तो जाणून होता. तो स्टुलावर बसला.

इंजिनाखालच्या तसराळ्यात तेलाचे थेंब पडत होते.

“ती म्हणाली, दादा, जुना मी भरून ठेवलाय, तू आधी जेव.” तो खालच्या आवाजात बोलत होता. “जेवलो. तिने टेबल पुसून लख्ख केलं होतं. वर एकच पट्टा होता. पस्तीस वर्षांत छापा वाचल्याशिवाय मी पट्टा चढवलेला नाही. त्या दिवशी खिशातून चष्मा काढायचा कंटाळा केला. म्हटलं, चिमणीने आवरलंय, आता काय बघायचं. उलट तिला म्हणालो, बघ, तुझ्या आवरण्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. हसली.”

बाई म्हणाल्या, “चूक तिची नव्हती. तुमचीही नव्हती. चकाकी बघून कुणीही फसलं असतं.”

“मी फसायला नको होतं. मला ते समजतं. तिला नव्हतं समजत.” त्याने डोळे पुसले आणि कपाळभर तेल लागलं. “दाजींना कळलंय?”

“नाही. त्यांनी नुसतं वरचं अक्षर पाहिलं. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. तीन वर्षं अडवलं म्हणून ते स्वतःलाच दोष देत बसलेत.”

“आता हे खोकं कुठे जाणार?”

“अहवालाबरोबर. पोलिसांकडे, मग कोर्टात.”

“म्हणजे तिथे कुणीतरी विचारणार, हे भरलं कुणी. अक्षर तिचं आहे. मग सगळ्यांसमोर म्हणणार की तिने स्वतःच्याच हाताने...”

तो उठला. तेलाच्या तसराळ्यात दोन्ही पंजे मनगटापर्यंत बुडवले, निथळू दिले आणि खोकं उचललं. भिंगबाई अर्धवट उठल्या. हा पुरावा होता, आणि तीस वर्षांत त्यांच्यादेखत कुणी पुराव्याला बोट लावलं नव्हतं. त्या परत खाली बसल्या.

त्याने खोकं सावकाश फिरवलं. वर, खाली, दोन्ही कडा, आतला पुठ्ठा. प्रत्येक ठिकाणी अंगठा टेकवला, नीट, घाई न करता, जसा पट्ट्यावर खुणा करत असेल तसा.

“माझ्या गॅरेजातलं खोकं आहे,” तो म्हणाला. “ठसे माझेच असायला हवेत. लिहा, भरलं मी, चढवलं मी, बघितलं नाही मी. तिने नुसतं वर नाव लिहिलं. ती सगळ्याच खोक्यांवर लिहायची, विचारा कुणालाही.”

“केस तुमच्यावर होईल.”

“व्हायलाच हवी. आधी दोस्ताकडे जातो. त्याने तोंडात मारली तर बरंच.”

बाईंनी कागद काढला आणि एकच वाक्य लिहिलं: बसवणाऱ्याकडून नव्याऐवजी जुना पट्टा बसवला गेला. त्यात खोटं काही नव्हतं. खोकं कुणी भरलं, हे त्यांनी लिहिलं नाही. खोकं पिशवीत घालताना त्यांनी ते एकदा डोळ्यांजवळ नेलं. पुठ्ठा सगळीकडे काळा झाला होता, फक्त निळ्या अक्षरांवर आणि हसऱ्या तोंडावर त्याने बोट पडू दिलं नव्हतं.

त्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा मागून त्याने हाक मारली.

“मॅडम, केस संपली की ते खोकं मला परत मिळतं का हो?”